एमएसच्या रुग्णाला ‘मन कसं आहे?’ कोण विचारतं?

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, गुडघे. आपल्या घरांतल्या आजारांची यादी साधारण इथे संपते, आणि यातलं प्रत्येक नाव आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हे त्या यादीतलं नाव नव्हे. त्यामुळे एखाद्या घरात ते आलं की पहिले काही महिने नातेवाइकांना समजावून सांगण्यातच जातात. ‘म्हणजे लकवा का?’ ‘हाडांचं काही आहे का?’ ‘पण दिसते तर अगदी छान!’ हे शेवटचं वाक्य कौतुकानेच म्हटलेलं असतं. ते ऐकणाऱ्याला मात्र दरवेळी आपला आजार नव्याने सिद्ध करावा लागतो.

थोडक्यात आजार असा. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं, विजेच्या तारेवर असतं तसं. एमएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती या आवरणावरच हल्ला करते. जिथे आवरण खराब होतं तिथे संदेश अडखळतो. कुणाला एका डोळ्याने धूसर दिसू लागतं, कुणाचे पाय बधिर होतात, कुणाचा तोल जातो, कुणाला लघवीवर ताबा ठेवणं कठीण होतं. बहुतेकांमध्ये सुरुवातीला झटका येतो, काही आठवड्यांत उतरतो, आणि मग काही महिने किंवा वर्षं बरी जातात. जगभरात सुमारे २९ लाख लोक या आजारासह जगतात. निदानाचं सरासरी वय ३२ आहे आणि स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त आहे.

बत्तीस हा आकडा या अंकाच्या वाचकांनी जरा थांबून पाहावा. सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीत नुकतीच बढती मिळालेली आहे, घराचा हप्ता सुरू आहे, मूल बालवाडीत आहे किंवा लग्नाचं बोलणं चाललं आहे, असं हे वय.

न्यूरॉलॉजिस्टच्या दहा-पंधरा मिनिटांत काय काय विचारलं जातं? चालताना त्रास होतो का, नजर कशी आहे, नवीन बधिरपणा आला का, औषध नियमित घेता का, एमआरआय कधीचा आहे. हे सगळं विचारायलाच हवं. पण मन कसं आहे, हे बहुतेक वेळा कुणी विचारत नाही, आणि रुग्णही आपणहून सांगत नाही. एमएस असलेल्या साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार होतो, असं अनेक अभ्यास सांगतात. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण खूपच जास्त आहे.

आणि लक्षात आलं तरी आपल्याकडे एका शब्दात विषय संपतो : ‘साहजिकच आहे.’ एवढा आजार झाल्यावर माणूस उदास होणारच, त्यात काय विशेष? माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त नुकसान या ‘साहजिकच’ने केलं आहे. पाय मोडल्यावर दुखणं साहजिक असतं, म्हणून आपण त्याला प्लास्टर न करता सोडत नाही.

शिवाय एमएसमधली उदासी नुसती परिस्थितीमुळे आलेली नसते. ज्या मेंदूत आपल्या भावना घडतात त्याच मेंदूत हा आजार काम करत असतो. तिथली सूज आणि तिथले व्रण यांचा मनःस्थितीवर थेट परिणाम होऊ शकतो. झटका आल्यावर तीन ते पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं जातं. त्या काळात झोप उडणं, अतिउत्साह, चिडचिड आणि नंतर एकदम खचल्यासारखं वाटणं हे बऱ्याच जणांना होतं. घरच्यांना ते आधी सांगून ठेवलं तर ‘हिचा स्वभावच बदलला’ असा निष्कर्ष निघत नाही. आणि या सगळ्यावर अनिश्चितता असते : पुढचा झटका कधी, त्यात काय जाणार, उतरल्यावर किती परत येणार.

डॉक्टरांनीही हे ओळखायला बराच वेळ घेतला. १८६८ मध्ये पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्तें शार्को यांनी या आजाराचं पहिलं सुसंगत वर्णन केलं. रुग्णांच्या मानसिक अवस्थेची नोंद त्यांनीही केली होती. पण १९२६ मध्ये लंडनमध्ये कॉटरेल आणि विल्सन या दोघांनी १०० रुग्ण तपासले आणि त्यांतले बहुतेक जण आजाराच्या मानाने आश्चर्य वाटावं इतके आनंदी आहेत, असं लिहिलं. पुढे कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत एमएसचा रुग्ण म्हणजे हसतमुख रुग्ण असं चित्र राहिलं. आज आपण जाणतो की मेंदूची बरीच हानी झाल्यावर काहींमध्ये असा अनाठायी उत्साह दिसतो, पण नैराश्य त्याहून कितीतरी अधिक आढळतं.

उलट दिशेनेही चूक होत आली आहे. ब्रिटिश चेलोवादक जॅकलिन द्यु प्रे हिचं नाव पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांना माहीत असेल. १९७३ च्या फेब्रुवारीत मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली तिने लंडनमध्ये एल्गरचा कॉन्चेर्टो वाजवला. ते तिचं लंडनमधलं शेवटचं जाहीर वादन ठरलं. त्याआधी काही वर्षं तिच्या बोटांची जाणीव जात-येत होती, पण तो मनावरच्या ताणाचा परिणाम समजला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निदान झालं. ती तेव्हा २८ वर्षांची होती. म्हणजे आधी शरीराच्या दुखण्याला ‘मनाचं आहे’ म्हटलं गेलं. निदान झाल्यावर बहुतेक रुग्णांच्या बाबतीत याच्या नेमकं उलटं होतं : मनाचं दुखणंही ‘एमएसचंच आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. द्यु प्रेने मात्र निदानानंतरची अनेक वर्षं, १९८७ मध्ये जाईपर्यंत, मनोविश्लेषकाची नियमित मदत घेतली.

थकवा की उदासी?

ओळखणं खरोखर अवघड आहे, हे मान्य करायला हवं. नैराश्याची जी लक्षणं आपण वाचतो, थकवा, झोपेचा बिघाड, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं, ती सगळी एमएसमध्ये नैराश्याशिवायही असतात. एमएसचा थकवा तर वेगळाच असतो. रात्रभर झोपून सकाळी उठल्यावर अंगावर ओली गोधडी टाकल्यासारखं वाटतं, असं वर्णन केलं तर थोडी कल्पना येईल. त्यामुळे ‘दिवसभर पडून असते’ एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही.

म्हणून तज्ज्ञ दोन साध्या प्रश्नांवर भर देतात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस खिन्न, हताश वाटलं का? आणि एरवी ज्यात मन रमायचं त्यात आता रस वाटेनासा झाला आहे का? अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी अकादमीने २०१४ मध्ये एमएसमधल्या भावनिक त्रासांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत या दोन प्रश्नांचा चाळणीसारखा उपयोग करता येईल असं म्हटलं आहे. एकाचं उत्तर ‘हो’ आलं तर लगेच नैराश्य आहे असं नाही, पण नीट तपासणी करून घ्यावी.

फरक दुसऱ्या प्रश्नात जास्त कळतो. नुसत्या थकव्यात इच्छा असते, ताकद नसते. सराफ्यात जावंसं वाटतं, पण पाय साथ देत नाहीत, आणि त्याची चिडचिड होते. नैराश्यात जावंसंच वाटत नाही. समोर गराडू आणून ठेवले तरी ‘असू दे’. गणपतीत दरवर्षी आरतीचं पुस्तक कुठे आहे म्हणून घर डोक्यावर घेणारा माणूस यंदा आतल्या खोलीत पंख्याखाली पडून राहिला, तर तिथे थांबून विचारावं.

आणखी एक गोष्ट घरात फार गैरसमज निर्माण करते. एमएस असलेल्या दहांतल्या साधारण एकाला अचानक, कारण नसताना रडू किंवा हसू येतं आणि ते आवरत नाही. कुणाच्या तेराव्याला हसू फुटलं म्हणून आयुष्यभराचा अबोला धरण्याचे प्रसंग यातून येऊ शकतात. याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. भावना व्यक्त करण्यावर मेंदूचं जे नियंत्रण असतं ते ढिलं झाल्यामुळे हे होतं. आत दुःख असेलच असं नाही. यावर औषध आहे, आणि ते नैराश्यापासून वेगळं ओळखावं लागतं.

माळव्याचा उन्हाळा

आता इंदूरचं सांगते. १८९० मध्ये उथोफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने नोंदवलं की व्यायाम केल्यावर काही एमएस रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते. पुढे कळलं की कारण व्यायाम नव्हे, शरीराचं वाढलेलं तापमान आहे. अगदी अर्धा अंश वाढलं तरी मायलिन गेलेल्या तंतूंतून संदेश जाणं कठीण होतं. अंग गार झालं की सगळं पूर्ववत होतं, नवी इजा झालेली नसते. पण एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना हे रोज होत राहतं.

याचा मनाशी संबंध असा. दुपारचं डोहाळजेवण टाळलं जातं. लग्नाचा मांडव टाळला जातो, कारण तिथे कूलरसमोरच्या खुर्च्या काकालोकांनी धरलेल्या असतात. दोन-तीनदा नकार दिल्यावर लोक बोलावणं थांबवतात. मग भेटी कमी, भेटी कमी म्हणून बोलायला कुणी नाही, आणि बोलायला कुणी नाही म्हणून डोक्यात एकच चक्र. उन्हाळा संपेपर्यंत माणूस इतका आत वळलेला असतो की पावसाळ्यातही बाहेर पडत नाही.

मानसोपचारात या चक्रावरचा एक परिणामकारक उपाय अगदी व्यवहारी आहे. बरं वाटेपर्यंत वाट न पाहता, आनंद देणाऱ्या किंवा काही केल्याचं समाधान देणाऱ्या छोट्या गोष्टी ठरवून वेळापत्रकात बसवायच्या. आधी कृती, मग मनःस्थिती. इंदूरच्या बाबतीत निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. शब-ए-मालवा म्हणून जिची ख्याती आहे ती माळव्याची रात्र उन्हाळ्यातही दिवसाच्या मानाने बरीच सुसह्य असते, आणि आपलं शहर रात्री जागं असतं. मैत्रिणींनी भेटीची वेळ दुपारी चारऐवजी रात्री साडेआठची ठेवली, गाडी जिथपर्यंत जाते तिथेच बसायचं ठरवलं, तर अर्धी अडचण जाते. यासाठी मानसतज्ज्ञ लागत नाही. भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज पुरतो.

‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणजे उपचार नव्हे

मानसोपचार म्हटलं की आपल्याकडे दोन चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक, वेड्यांचं इस्पितळ. ठाणे आणि येरवडा ही गावं मराठी विनोदात कशासाठी येतात ते आपण जाणतो, आणि इंदूरकराला बाणगंगा म्हटलं की काय आठवतं तेही सांगायला नको. दुसरं चित्र म्हणजे कुणीतरी गोड बोलून धीर देणार. तो धीर तर मावशीही देते, त्यासाठी पैसे कशाला?

दोन्ही चित्रं चूक आहेत, आणि हे समजून घ्यायला मराठी माणसाला एक फायदा आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली ती मराठीत ‘विवेकनिष्ठ’ या नावाने चांगलीच रुजली आहे. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि मराठीत ग्रंथ लिहिले. ठाण्यात १९९० मध्ये सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती पुस्तकांतून, व्याख्यानांतून घराघरांत नेली. एमएसमधल्या उदासीसाठी जगात ज्या पद्धतीचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे, ती बोधात्मक वर्तनोपचार पद्धती, म्हणजे सीबीटी, याच घराण्यातली.

या पद्धतीचा गाभा आपल्या भाषेत एका अक्षरात सांगता येतो : ‘च’. ‘मला सगळं पूर्वीसारखं जमलं तर बरं’ ही इच्छा झाली. ‘जमलंच पाहिजे’ ही मागणी झाली. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं. मागणी पुरी झाली नाही तर माणूस कोसळतो. एलिस दुःख आणि नैराश्य यांत फरक करतात तो इथे. चालण्याची ताकद गेली, नोकरी बदलावी लागली, तर दुःख होणं अगदी योग्य आहे. उपचार ते दुःख पुसायला जात नाही. ‘मी आता कुणाच्याच कामाची नाही’, ‘मी सगळ्यांवर ओझं आहे’, ‘पुढे काहीच चांगलं होणार नाही’, ही जी वाक्यं दुःखाला चिकटून येतात, ती एकेक करून समोर ठेवायची. पुरावा काय? हेच वाक्य माझ्या बहिणीबद्दल म्हटलं असतं का? ‘काही कामं जमत नाहीत’ यावरून ‘कुणाच्याच कामाची नाही’ इथपर्यंत उडी कशी मारली?

म्हणून ‘पॉझिटिव्ह राहा’ आणि मानसोपचार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात रुग्णाला खोटं हसायला लावलं जातं. दुसऱ्यात खऱ्या परिस्थितीकडे खरेपणाने पाहायला शिकवलं जातं. आजार गंभीर आहे, हे त्या खोलीत कुणी नाकारत नाही, आणि कित्येक रुग्णांना हाच पहिला दिलासा असतो.

प्रत्यक्षात काय होतं? आठवड्यातून एकदा पाऊण ते एक तास, साधारण दोन-चार महिने. विचारांची आणि दिनक्रमाची वही. थकव्याचा हिशेब, म्हणजे दिवसभराची शक्ती कुठे खर्च करायची आणि कुठे वाचवायची. पुढच्या भेटीपर्यंत करून पाहायची एखादी छोटी गोष्ट. एमएसमध्ये काहींची स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग कमी झालेला असतो, तेव्हा महत्त्वाचं लिहून घ्यावं किंवा सत्र छोटं करावं, असं तज्ज्ञाला स्पष्ट सांगायला लाजू नये.

प्रवासाची अडचण असलेल्यांसाठी एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेत डेव्हिड मोर आणि सहकाऱ्यांनी केला. २००५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एमएस आणि नैराश्य दोन्ही असलेल्या १२७ जणांना १६ आठवडे, आठवड्यातून एकदा, फक्त फोनवर उपचार दिले गेले. निम्म्यांना सीबीटी आणि बाकीच्यांना भावना मोकळेपणाने मांडू देणारा आधारात्मक उपचार. दोन्ही गटांत नैराश्य कमी झालं, उपचाराच्या काळात सीबीटीच्या गटात अधिक. वर्षभरानंतर दोन गटांतला फरक उरला नाही, पण झालेली सुधारणा बऱ्याच अंशी टिकून होती. यातून दोन गोष्टी कळतात. फोनवरही उपचार होतो. आणि जाणत्या माणसाने नियमितपणे, नीट ऐकून घेणं हेही लहान काम नाही.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये १५० रुग्णांवर आठ आठवड्यांच्या सजगतेच्या, म्हणजे माइंडफुलनेसच्या, प्रशिक्षणाचा अभ्यास झाला. तो २०१० मध्ये आला. नैराश्य आणि थकवा दोन्ही कमी झाले आणि सहा महिन्यांनंतरही त्याचा फायदा दिसत होता. इथे एक खुलासा करायला हवा, कारण आपल्याकडे लगेच कुणीतरी ‘मग दहा दिवसांच्या विपश्यनेला पाठवा’ असं सुचवतं. ते शिबिर आणि हा कार्यक्रम एक नव्हेत. पहाटे चारला उठून दिवसभर बसणं, दहा दिवस मौन, हे एमएसच्या शरीराला आणि खचलेल्या मनाला झेपेल का, ते आधी डॉक्टरांना विचारावं.

नैराश्य मध्यम किंवा तीव्र असेल तर मनोविकारतज्ज्ञ औषधं देतात. ती एमएसच्या औषधांबरोबर घेता येतात, फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवाव्यात आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. फिजिओथेरपिस्टने आखून दिलेल्या व्यायामाचा मनालाही उपयोग होतो. आहार, काढे, व्हॉट्सॲपवरचे रामबाण उपाय यांवर लिहायला इथे जागा घालवत नाही.

घरातलं

‘तू बस, मी करते.’ यापेक्षा प्रेमळ वाक्य मराठी घरात नाही, आणि एमएसच्या रुग्णाला आतून पोखरणारं वाक्यही कदाचित हेच. सासूबाई चहाचा कप हातातून घेतात, नवरा बँकेची कामं परस्पर उरकतो, मुलं शाळेतली भांडणं सांगणं बंद करतात, कारण ‘आईला त्रास नको’. सगळं मायेपोटी चाललेलं असतं. सहा महिन्यांनी त्या बाईकडे घरातलं एकही काम उरलेलं नसतं आणि मग ‘मी कुणाच्याच कामाची नाही’ या वाक्याला पुरावाच मिळतो.

कामं काढून घेऊ नका, बदला. उभं राहून पोळ्या करणं जमत नसेल तर महिन्याचा हिशेब, किराणा मागवणं, मुलाचा मराठीचा अभ्यास, मंडळाच्या कार्यक्रमाचे फोन, यांपैकी जे तिला आवडतं ते पूर्णपणे तिच्याकडे राहू द्या. चुकलं तर चुकू द्या. पुरुषांच्या बाबतीत हे आणखी नाजूक होतं. कमावता माणूस घरी बसला की त्याची किंमत कमी झाली, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण त्याला ते ऐकू येतं. तो बहुधा रडत नाही, चिडतो. घरच्यांना चिडका माणूस दिसतो, उदास माणूस दिसत नाही.

तरुण मुलींबाबत तर लपवालपवी सुरू होते. स्थळं चालू असतात, म्हणून निदान मामालाही कळू दिलं जात नाही. औषधं फ्रीजमध्ये भाजीच्या डब्यामागे. हे गुपित सांभाळण्याचं ओझं आजाराइतकंच जड असतं, आणि ते त्या मुलीने एकटीने वाहायचं असतं. लग्नाआधी समोरच्याला सांगावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सांगितल्यावर काही स्थळं जातील, हे खरं आहे. पण राहिलेल्या नात्यात तिला दर झटक्याला खोटं कारण शोधावं लागणार नाही.

याच्याच पोटात आणखी एक भीती असते : मूल होणार नाही, किंवा झालं तर आजार बळावेल. १९९८ मध्ये युरोपात २५४ स्त्रियांचा गरोदरपणापासून पाठपुरावा करून झालेल्या अभ्यासात दिसलं की गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, झटक्यांचं प्रमाण उलट कमी होतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते वाढतं. म्हणजे आई होता येतं. कोणतं औषध कधी थांबवायचं याचं नियोजन न्यूरॉलॉजिस्टबरोबर आधी करायचं, आणि बाळंतपणानंतरच्या काळात हाताशी माणसं ठेवायची. त्याच काळात मनःस्थितीकडेही दुप्पट लक्ष द्यायचं. किती मुली केवळ ऐकीव गोष्टींवरून या विचारात रात्री जागत असतील.

सांभाळणाऱ्याच्या मनालाही हेच लागू आहे. नवरा, आई किंवा बहीण वर्षानुवर्षं धीराचा मुखवटा घालून वावरतात. वरचे दोन प्रश्न त्यांनाही विचारावेत.

जगणं नको वाटतं, सगळ्यांची सुटका होईल, असं काही कानावर आलं तर ‘असं बोलू नये गं’ म्हणून विषय बदलू नका. एमएसमध्ये आत्महत्येचा धोका वाढलेला असतो. सरळ विचारा : जीव द्यावासा वाटतो का? तसं काही ठरवलं आहे का? विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट, बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडू नका, घरातली औषधं आपल्या ताब्यात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. यासाठी अगदी टोकाला जाण्याची वाट पाहायची गरज नाही, साध्या विचारपूशीसाठीही फोन करता येतो.

आपल्यासारखंच दुखणं असलेल्या माणसाशी बोलण्याने जे होतं ते तज्ज्ञही देऊ शकत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ मध्ये मुंबईत सुरू झाली, आणि देशातल्या अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. रुग्णांच्या आणि घरच्यांच्या भेटी, समुपदेशन, माहिती, हे तिथून मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्वतंत्रपणे आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना ‘तुम्ही तर चालताय’ असं कुणी म्हणालं तर हे सांगावं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देणं बंधनकारक केलं आहे. पॉलिसीचा कागद काढून एकदा वाचा, कारण बाह्यरुग्ण भेटींचा खर्च बऱ्याच पॉलिसींत नसतो.

इंदूरमध्ये एमवाय रुग्णालयासह सरकारी आणि खासगी दोन्हीकडे मनोविकारतज्ज्ञ आहेत. पहिल्या भेटीला जाताना चालू औषधांची यादी, शेवटचं स्टेरॉइड कधी घेतलं ती तारीख आणि दोन आठवड्यांची वही बरोबर न्यावी : रोज झोप किती, थकवा दहापैकी किती, मन दहापैकी किती. थकव्याचा आणि मनाचा आकडा वेगवेगळा लिहायचा, त्यावरून तज्ज्ञाला बरंच कळतं. मानसोपचाराचा अनुभव असलेल्या समुपदेशकाला एमएसबद्दल फारशी माहिती नसेल तर आपणच दोन पानं लिहून न्यावीत. वेळ घेताना मे महिन्यातली दुपार मिळत असेल तर सकाळची मागावी, आणि पुढची सत्रं फोनवर होतील का, तेही त्याच वेळी विचारून घ्यावं.